सहावी खूण

"टांग ले आए साब. कुर्सी की टांग! कहते हैं, इसमें से बाजा निकाल."

बाजेवाला अजैब सिंग माझ्या इतक्या जवळ तोंड आणून पुटपुटला, की त्याच्या मिशीतला वेलचीच्या चहाचा वास माझ्या रेषारेषांत शिरला. त्याने नखाने माझ्यावरचं जुनं पॉलिश खरवडलं, नाक मुरडलं आणि मला फळीवर आपटलं.

टांग म्हणजे मीच. मित्रांनो, आज मी सुराची एक जुनी नळी आहे. त्याआधी चाळीसेक वर्षं मी एका सरकारी खुर्चीचा मागचा डावा पाय होते. पायाची नळी कशी झाली आणि त्यावरून एका घरात किती भांडणं झाली, ते सांगते. गोड गोष्ट ऐकायला आला असाल तर आताच उठा. माझ्या गोष्टीत कोणी कोणाशी नीट बोलत नाही.

माझं शिसवीचं झाड एका कालव्याच्या काठी होतं. चंदीगड तेव्हा पुष्कळसं कागदावरच होतं. नवं शहर, नव्या कचेऱ्या, आणि कचेऱ्यांना खुर्च्या हव्यात म्हणून आम्हाला पाडलं, करवतलं, सावलीत सुकवलं. सुताराने आमचे पाय कंपासासारखे फाकवले आणि वर वेताची बैठक विणली. खुर्ची दिसायला ऐटदार झाली. एकदा एक मोठे साहेब येऊन टेकले आणि म्हणाले, "वाह, आराम है." सगळ्या नोकरीत झालेलं कौतुक ते एवढंच, आणि तेही बैठकीचं.

खुर्चीच्या पायाला माणसं दिसत नाहीत, बूट दिसतात. कोणी टेबलाखाली हळूच बूट काढून टाच माझ्यावर घासायचं. कोणी खुर्ची मागे झुलवायचं, की सगळा भार माझ्या आणि माझ्या जुळ्या पायाच्या अंगावर. हिवाळ्यात दुपारी आम्हाला उन्हात ओढून नेत आणि शेंगांची टरफलं आमच्याभोवती पडत. ते दिवस बरे होते, असं आता वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

मग नव्वद साल उलटलं. टेबलांवर कॉम्प्युटर आले, कॉम्प्युटरवर प्लास्टिकचे बुरखे आले, आणि त्यांच्यामागोमाग चाकांच्या खुर्च्या आल्या. गोल फिरणाऱ्या. कोणाला एवढं गरगर फिरायचं होतं देव जाणे. आम्हाला गच्चीवर फेकलं. सहा उन्हाळे, सहा पावसाळे, आणि डिसेंबरातलं ते हाडात शिरणारं धुकं. बैठकीचा वेत कुजला, कबुतरांनी अंडी घातली. शेवटी आमचा ढिगाने लिलाव झाला. ज्यांना आम्ही चाळीस वर्षं धरून ठेवलं, त्यांच्यातला एकही निरोप द्यायला जिना चढून आला नाही.

मनीमाजऱ्याच्या एका कबाड्याकडे कर्नल श्यामकांत घाटगे आले ते २००२च्या मार्चमध्ये. त्यांनी ढिगातून मला आणि माझ्या जुळ्या पायाला उपसून काढलं, टिचकी मारली आणि कान लावला. माझा आवाज ऐकायला कान लावणारा हा पहिला माणूस. मी विरघळले, खोटं कशाला बोलू?

कर्नल मूळचे कराडचे, नेमणूक चंडीमंदिरच्या छावणीत. त्याआधी एक वर्ष ते लेबनॉनला शांतिसेनेत होते. शेजारच्या ठाण्यावर आयरिश पलटण होती आणि तिच्यातला एक सार्जंट संध्याकाळी बाजा घेऊन बसायचा. आपल्या पलटणींचा बॅगपाइप तुम्ही परेडला पाहिला असेल. गाल फुगवून फुंकायचा, मैलभर ऐकू जाणारा. हा तसा नव्हे. हा बसून वाजवायचा आणि तोंड लावायचंच नाही. एका कोपराखाली भाता, दुसऱ्या काखेत चामड्याची पिशवी, आणि बोटांखाली सुराची नळी. त्यातही जे बाजे खालच्या पट्टीत बांधतात त्यांना 'फ्लॅट' म्हणतात. त्यांची नळी लांब आणि आवाज मऊ, एका खोलीपुरता. कर्नल सार्जंटपाशी बसून तीन महिने शिकले. मग एके दिवशी सामानाच्या ट्रकचा फाळका त्यांच्या उजव्या हातावर पडला.

बोट वाचलं. पण करंगळीशेजारचं ते बोट मधल्या पेरात वाकलं ते वाकलंच. कर्नल सॅल्यूट करत तेव्हा बाकीची बोटं पट्टीसारखी सरळ आणि ते एक बाकदार. अख्ख्या छावणीला दिसायचं. "काही नाही, खरचटलंय," असं कर्नल घरी आल्या दिवशी म्हणाले होते. तेव्हापासून त्या घरात ते खरचटणंच होतं.

बाजा बांधायचा ठरल्यावर सार्जंटने पोस्टाने दोन नकाशे धाडले, नळीत बसून सूर काढणाऱ्या वेताच्या तयार जिभल्या धाडल्या, आणि खाली एक ओळ लिहिली: पट्टी आधी ठरव, करवत मग लाव, आखूड केलेली नळी पुन्हा लांब होत नाही. एक नकाशा होता पांढरी एकचा, दुसरा पांढरी सातचा. पेटी वाजवणाऱ्यांना कळलं असेल. बाकीच्यांनी एवढंच लक्षात ठेवा, की पांढरी सात अर्ध्या सुराने खाली, म्हणून तिची नळी अंगठाभर लांब, म्हणून भोकं एकमेकांपासून जरा दूर. बँडवाले पांढरी एकला सी म्हणतात, पांढरी सातला बी. सार्जंटचा बाजा पांढरी सातचा होता. कर्नलना तीच हवी होती.

रविवारी सकाळी क्वार्टरमध्ये सभा भरली. मला टेबलावर ठेवलं होतं, पोह्यांच्या बशीशेजारी. समोर कर्नलांच्या पत्नी शैलजाताई, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी कादंबरी, आणि शैलजाताईंचे थोरले भाऊ राजाभाऊ. राजाभाऊ सेक्टर ३९च्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आणि महाराष्ट्र मंडळात पेटीवाले.

"पांढरी एक घ्या, श्यामकांतराव," राजाभाऊ म्हणाले. "मंडळात गणपतीला सगळे त्यातच गातात. पेटीशी जुळेल."

"मला आरतीला बसायचं नाहीये."

"मग कशाला बसायचंय?"

"ऐकायला."

"त्याला सार्जंटची कॅसेट आहे की तुमच्याकडे."

कर्नलनी चमचा खाली ठेवला. तेवढ्यात कादंबरी म्हणाली, "पापा, सी में कर लो ना यार. कीबोर्ड पे सब सी से ही शुरू होता है."

"मराठीत बोल."

"मराठीत पण सीच आहे."

"लांब नळी म्हणजे ती मांडीवर टेकवायला वाकून बसायचं," शैलजाताई म्हणाल्या. "तुमची पाठ आधीच…"

"या पाठीने वीस-वीस किलोचा पिट्टू वाहिलाय."

"ते पंचवीस वर्षांपूर्वी."

"म्हणजे मी म्हातारा झालो?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग काय म्हटलंस?"

शैलजाताईंनी पोह्यांवर लिंबू इतकं पिळलं, की बिया बशीबाहेर उडाल्या. एक माझ्यावर पडली.

"सूर काही ऑर्डरवर येत नाही, कर्नलसाहेब," राजाभाऊ हसत म्हणाले. हसणं वरवरचं होतं.

"आणि संशोधन कमिट्यांवर चालत नाही. तुमचं चालतं, हे मान्य." कर्नल खुर्ची मागे सारून उठले. "तिघांची कारणं तीन आणि मत एक! आमच्यात याला कट म्हणतात."

"घरात याला काळजी म्हणतात," शैलजाताई म्हणाल्या.

"कसली काळजी?"

राजाभाऊ पोह्यांत शेंगदाणा शोधू लागले. कादंबरीने मोबाइल उघडला आणि मिटला. शैलजाताईंनी माझ्यावरची लिंबाची बी उचलली. कर्नलनी उजवा हात टेबलावरून काढून मांडीवर घेतला. मला वाटलं, ही माणसं सुरावरून भांडतायत. लाकडाला अक्कल उशिरा येते.

पुढच्या आठवड्यात सगळी वरात औद्योगिक वसाहतीतल्या अजैब सिंगच्या कारखान्यात आली. कारखाना म्हणजे एक लेथ, एक पंखा आणि पन्नास अर्धवट बाजे. अजैब सिंग पलटणीच्या बँडमधून पाइप मेजर, म्हणजे बाजेवाल्यांचा म्होरक्या, होऊन निवृत्त झालेला. तीस वर्षांच्या नोकरीत साहेबाला 'नाही' म्हणायचं त्याच्या जिभेला वळणच पडलं नव्हतं. पाठीमागे तो काहीही पुटपुटायचा. समोर फक्त "जी साब". साहेब म्हणाले, भर पावसात परेड, तर जी साब. साहेब म्हणाले, खुर्चीच्या टांगेतून बाजा, तरी जी साब.

कर्नलनी मला आधीच त्याच्याकडे पोचवलं होतं आणि त्याने मला लेथवर गोल करून ठेवलं होतं. भोकं पाडण्याआधी हात बघायचा, अशी त्याची रीत. पांढरी सातच्या नकाशाबरहुकूम त्याने कागदाच्या पट्टीवर सात खुणा केल्या, पट्टी माझ्या अंगावर चिकटवली आणि मला कर्नलांच्या हातात दिलं. त्यांनी पाइपवाले धरतात तशीच बोटं ठेवली, शेंड्याने न दाबता पेरांवर सपाट. वरच्या तीन खुणांवर डाव्या हाताची तीन बोटं आली. खाली उजव्या हाताची पहिली दोन आली आणि शेवटी करंगळीही ताणून आली. सहाही बोटांची ऊब कागदातून माझ्यापर्यंत पोचली.

सहाव्या खुणेवर काही आलं नाही.

वाकलेलं बोट खुणेच्या अलीकडेच, नखाएवढं अंतर सोडून, हवेत थांबलं. कर्नलनी मनगट वळवलं, कोपर उचलला. नखाएवढं अंतर नखाएवढंच राहिलं. कागदाचं एक बरं असतं. तो वाजत नाही, त्यामुळे चोरी पकडली जात नाही.

"पहुँचती है, साब?" अजैब सिंगने विचारलं.

"पोचतंय. पहुँचती है. बी पक्का."

"जी साब."

शैलजाताई पंख्याकडे बघत होत्या. राजाभाऊंनी चष्मा काढून पुसला. कादंबरी बापाच्या हाताकडे बघत होती, पण बापाने मान वर करताच तिनेही नजर पंख्यावर नेली. चौघांनी पाहिलं होतं, पाचवी मी. आणि मला तेव्हा कुठे पोह्यांच्या टेबलावरचं भांडण कळलं. पेटी, कीबोर्ड, पाठ. त्या घरात सुरावरून कोणी भांडतच नव्हतं. सगळे मिळून मला आखूड करायला बघत होते, म्हणजे ते बोट पोचेल. कारण मात्र कोणाला तोंडातून काढायचं नव्हतं.

कर्नल गाडी वळवायला बाहेर गेले. राजाभाऊ झटकन पुढे झाले. "अजैब सिंगजी, वो दूसरा नक्शा लगाइए. सी वाला."

"साब ने तो बी बोला."

"उनको बी ही बताना है."

"झूठ बोलूँ? अपने साब से?"

"झूठ नहीं, भाईसाब," शैलजाताई म्हणाल्या. "बस, बोलना नहीं है."

अजैब सिंगने त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. तीस वर्षांची सवय. साहेब बाहेर होते आणि समोर मेमसाब उभ्या होत्या. "जी, मेमसाब," तो म्हणाला.

त्याने माझ्या अंगावरची पट्टी टरकन ओढून काढली आणि अंगठाभर आत पेन्सिलची रेघ मारली. करवत लागली. तुकडा जमिनीवर पडला, भुशात घरंगळला. मित्रांनो, तो माझा होता. कचेरीत मला लाथा बसल्या, गच्चीवर पावसाने झोडपलं, पण तेव्हा कोणी 'तुझ्या भल्यासाठी' असं म्हटलं नव्हतं. माझ्या भल्यासाठीही नव्हेच म्हणा. मला तर कोणी विचारलंच नाही. आणि ज्याच्यासाठी कापलं, त्यालाही नाही.

मग चार महिने मी पोखरली गेले, तेल प्याले, वाळले, पुन्हा तेल प्याले. अजैब सिंगने भाता शिवला, पिशवी शिवली. कर्नल दर शनिवारी येत. "बी ना?" ते विचारत. "जी साब," अजैब सिंग लेथकडे तोंड करून म्हणे.

सप्टेंबरातल्या एका दुपारी क्वार्टरच्या व्हरांड्यात मला पिशवीला जोडलं. अजैब सिंग जिभली बसवायला आला होता. राजाभाऊ कसे कोण जाणे, पण नेमके आले होते. कर्नलनी भाता कोपराखाली घेतला, मला मांडीवर टेकवलं आणि बोटं ठेवली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. मी वाट बघत होते. सहाव्या भोकावर ते वाकडं बोट आलं, थबकलं आणि अलगद टेकलं. सात जागी ऊब.

कर्नल वीस मिनिटं वाजवत होते. मधेमधे चुकत होते, चुकले की स्वतःशीच हसत होते. दोन वर्षांत ते हसणं त्या घराने ऐकलं नव्हतं. शेजारच्या क्वार्टरमधल्या वसुधाकाकू कपडे वाळत घालता घालता कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. शैलजाताईंनी पदर तोंडाला लावला. तीस वर्षं मैदानात बँड वाजवलेल्या अजैब सिंगने डोळे मिटले होते. मला वाटलं, झालं. माझं भलं झालं. अंगठाभर लाकूड गेलं तर गेलं.

"कादंबरी," कर्नल म्हणाले, "ती कॅसेट लाव. सार्जंटची. बरोबर वाजवतो."

कादंबरी जागची हलली नाही. "टेप का हेड खराब है, पापा."

"काल मी ऐकली."

"बॅटरी…"

"प्लगवर लाव."

तिने लावली. लेबनॉनमधल्या कुठल्या तरी संध्याकाळी सार्जंटने धरलेला सूर व्हरांड्यात आला, खोल आणि मऊ. कर्नलनी भाता दाबला, मी माझा सूर लावला, आणि दोन्ही सूर एकमेकांवर असे आपटले, की वसुधाकाकूंनी कुंपणापलीकडे तोंड वाकडं केलं. कर्नल थांबले. पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"ही सात नाही," ते म्हणाले.

"हवेने चढला असेल सूर," राजाभाऊ घाईने म्हणाले. "दमट आहे आज."

"टेप स्लो चल रहा है, पापा."

"जिभली नवी आहे ना," शैलजाताई म्हणाल्या. "बसेल हळूहळू."

"तिघांची कारणं तीन!" कर्नलांचा आवाज छावणीच्या मैदानावरचा झाला. "अजैब सिंग! किसने काटा?"

"मैंने, साब."

"किसके ऑर्डर से?"

अजैब सिंगने खाली पाहिलं. तिघांनीही खाली पाहिलं. व्हरांड्याच्या फरशीकडे इतकी माणसं एकदम बघताना मी कधी पाहिली नव्हती.

"बोला ना! पंचवीस वर्षं पलटण चालवली, आणि माझ्याच घरात माझ्या पाठीमागे नकाशे बदलता? मी काय कुकुलं बाळ आहे? राजाभाऊ, तुमच्या गणपतीत जुळावं म्हणून?"

"श्यामकांतराव, उगाच काहीतरी…"

"उगाच?" कर्नल मला बाजूला ठेवून तरातरा आत गेले. परत आले तेव्हा हातात माझा जुळा पाय होता, अजून खुर्चीचाच, अजून पॉलिशाचाच. त्यांनी तो अजैब सिंगच्या मांडीवर ठेवला आणि ते पुन्हा आपल्या खुर्चीत बसले. "यह दूसरी टांग है. इसमें बी बनाओ. पूरी लंबाई. और इन तीनों में से कोई तुम्हारी वर्कशॉप में पैर नहीं रखेगा. समझे?"

अजैब सिंगने तोंड उघडलं. जीभ तीस वर्षांच्या वळणावर गेलेली मला दिसली. मग त्याने तोंड मिटलं, खिशात हात घातला आणि एक लाकडाचा तुकडा काढून कर्नलांसमोर ठेवला. अंगठ्याएवढा, माझ्याच रेषांचा. इतके महिने त्याने तो टाकला नव्हता.

"नहीं, साब," तो म्हणाला.

"क्या नहीं?"

"यह वाली नहीं काटूँगा. बी नहीं बनाऊँगा."

"क्यों?"

त्याची दाढी हलली. पण पुढचा शब्द त्याला काढता येईना. तो त्याचा नव्हताच काढायचा.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं छोटंसं आहे. लाकूड जपा, वेळच्या वेळी तेल द्या, उन्हापावसात टाकू नका, हे तर खरंच. पण कोणाच्या भल्यासाठी करवत उचलाल, तेव्हा आधी त्याच्यासमोर जाऊन बसा आणि कारण सांगा. कारण कडू असेल तरी सांगा. कापलेलं पुन्हा जोडता येत नाही, आणि सांगायचं राहिलेलं घरात एकेकाच्या घशात अडकून बसतं. मी त्या वीस मिनिटांत जितकी गोड वाजले, तितकी पुन्हा वाजेन की नाही, ते त्या क्षणी माझ्या हातात नव्हतं.

शैलजाताई उठल्या. कर्नलांच्या समोर, फरशीवरच बसल्या. कर्नलनी मांडीखाली दडवलेला उजवा हात त्यांनी बाहेर ओढला, दोन्ही हातांत धरला, आणि वाकलेल्या बोटावर अंगठा ठेवून म्हणाल्या, "अहो, हे बोट पोचत नाही."